हात पालथा कर

मित्रांनो, मी एक जुना लाइट मीटर आहे. कुठे असतो म्हणाल, तर अटलांटातल्या एका घरात, टेबलाच्या खालच्या खणात, सुकलेली पेने आणि वायरींच्या गुंत्याखाली. उजेड किती आहे ते मोजायचे आणि कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा त्याचा आकडा काट्याने दाखवायचा, एवढेच माझे काम. मला बॅटरी लागत नाही. काचेवर उजेड पडला की काटा आपसूक उठतो. खणात उजेड नाही, म्हणून तो आडवा पडून आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यासोबत एक पुस्तिका होती. चेहऱ्याजवळ जाता येत नसेल तर स्वतःचा तळहात मोजा, असे तिच्यात लिहिले होते. लिहिणाऱ्याचा तळहात आणि गाल साधारण एकाच रंगाचे असणार. माझे मालक ल्यूशियस टॉलिव्हर काळे होते. त्यांचा तळहात फिकट आणि गाल भाजलेल्या कॉफीच्या रंगाचा. पुस्तिकेवर विसंबून त्यांनी बहिणीच्या लग्नाचे चित्रण केले. फिकट तळहातामुळे माझा आकडा मोठा आला आणि त्यांनी कॅमेऱ्यात उजेड कमी घेतला. फिल्म धुऊन आली, तेव्हा पांढरा झगा लख्ख दिसत होता आणि नवरीचा चेहरा अंधारात बुडाला होता. बहीण कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. त्यांनी पुस्तिका कचऱ्यात टाकली, गालाच्याच रंगाची मागची बाजू दिसेल असा हात पालथा केला आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

स्टुडिओंच्या दाराशी त्यांनी वीस वर्षे जोडे झिजवले. पेट्या उचलायला त्यांना बोलावत, कॅमेऱ्यामागे मात्र कुणी उभे केले नाही. मग दर शनिवारी ते चर्चच्या तळघरात मुलामुलींना कॅमेरा शिकवू लागले. त्या चर्चमध्ये सगळे एकमेकांना ब्रदर, सिस्टर म्हणत. रेनिटा गेन्स तिथलीच. तिने ग्रंथालयातले पुस्तक पाठ केले होते, त्यामुळे सारखी तळहात पुढे करायची.

"अगं, हात पालथा कर!" टॉलिव्हर ओरडायचे. "तुझा तळहात बघायला कोण तिकीट काढणार आहे?"

"पुस्तकात असंच दिलंय, ब्रदर टॉलिव्हर."

"मग पुस्तकाचाच सिनेमा काढ!"

सगळे खो खो हसायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे रेनिटा मोठ्या चित्रपटांत मदतनीस म्हणून लागली. सहा वर्षे तिने दुसऱ्यांच्या लेन्स पुसल्या. मग एक दिवस मुख्य छायाचित्रकार हॅस्केल तिला म्हणाले, "उद्याचा स्वयंपाकघराचा प्रसंग तू कर. जमला, तर पुढच्या चित्रपटात कॅमेरा तुझा. नाही जमला, तर पेट्या आहेतच." ती धावत टॉलिव्हरांकडे आली. त्यांनी मला स्वतःच्या गळ्यातून काढून तिच्या गळ्यात घातले.

दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी मिस ओझेला बसल्या होत्या. वयस्क, काळ्या अभिनेत्री, अंगावर पांढरा एप्रन. सगळे युनिट बघत होते. घाबरलेल्या रेनिटाने मला नेमका तळहात दाखवला. मला जे दाखवाल तेच मी मोजतो. काटा भलत्याच आकड्यावर जाऊन थांबला. ओरडावेसे वाटले, पण मला तोंड कुठे आहे?

रेनिटा दिव्यांकडे वळली, तशा मिस ओझेला हळूच म्हणाल्या, "पोरी, चाळीस वर्षं पडद्यावर माझा एप्रनच दिसतोय. आज जरा मलाही दिसू दे की."

रेनिटा थबकली. तिने हात पालथा केला आणि पुन्हा मोजले. मग एप्रन सावलीत घेतला आणि पांढरी चादर ताणून खिडकीचा उजेड चेहऱ्याकडे वळवला.

धुतलेली फिल्म आली, तेव्हा त्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती पडद्यावर दिसत होती. मिस ओझेला रडल्या. "कुणी शिकवलं तुला हे?" हॅस्केलनी विचारले.

"ब्रदर टॉलिव्हरनी."

"कोण ते? नाव कधी ऐकलं नाही."

रेनिटाने मला मुठीत घट्ट आवळले. घरी येताच तिने टॉलिव्हरांना फोन केला. त्यांनी एवढेच विचारले, "हात कसा धरलास?" त्याच हिवाळ्यात ते गेले.

आता रेनिटाचे नाव पडद्यावर मोठ्या अक्षरांत येते. नवे कॅमेरे आले, चित्र जागेवरच दिसू लागले आणि मी खणात आलो. त्याचे मला वाईट वाटत नाही असे कसे म्हणू? पण चर्चच्या तळघराला कुलूप लागले, याचे जास्त वाटते. तिथल्या सिस्टर मेब्री दर महिन्याला फोन करतात. रेनिटा स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवते, म्हणून मला सगळे ऐकू येते.

काल त्या म्हणाल्या, "अगं बाई, आठ पोरी नाव घालून बसल्यात. या शनिवारी शिकवायला येतेस ना?"

"पुढच्या महिन्यात नक्की, सिस्टर." दोन वर्षे हेच उत्तर चालले आहे.

"बरं. मग तारीख तरी लिहून ठेव."

पेन शोधायला रेनिटाने खण उघडला आणि वायरींचा गुंता बाजूला सारला. उजेड पडला आणि माझा काटा उठला. तिचा हात माझ्यावर तसाच थांबला. तळहात माझ्याकडे होता. तिने तो सावकाश पालथा केला आणि काट्याकडे बघत राहिली.

"हॅलो? आहेस ना गं?"

"सिस्टर," रेनिटा म्हणाली, "तळघराची किल्ली कुणाकडे आहे?"

मित्रांनो, ती जाईल की नाही, मला ठाऊक नाही. मात्र खण तिने लावलेला नाही. तुमच्या हाताला कुणी वळण लावले असेल, तर ते खणात ठेवू नका. मला चकचकीत करून काचेच्या कपाटातही मांडू नका. शनिवारी कुणाच्या तरी गळ्यात घाला.