बिनकरंगळीची आठ

पुण्यात क्लासिकल गिटार वाजवणारी माणसं मुळात फार नाहीत. सगळ्यांना एकदम जेवायला बोलावलं तरी मंगल कार्यालयाची एक पंगत भरायची नाही. पण जी आहेत त्या प्रत्येकाकडे एक झेरॉक्स असते. आठ पानं, आठ रचना, एकट्या गिटारसाठी. वर कुणाचं नाव नाही. अक्षर मोत्यासारखं, आणि प्रत्येक सुराशेजारी डाव्या हाताचं कोणतं बोट ठेवायचं त्याचे बारीक आकडे. एक, दोन, तीन. चार कुठेच नाही. आठही पानांत करंगळीला काही कामच नाही, म्हणून गावभर या पानांचं नाव पडलं ‘बिनकरंगळीची आठ’.

यामागचं कारण रावसाहेब पेंडशांनी तीस वर्षांपूर्वी शोधून काढलं होतं. रावसाहेब म्हणजे सदाशिव पेठेतल्या गिटार मंडळाचे सर्वेसर्वा. त्यांच्या मते या रचना दक्षिण स्पेनमधल्या कुणा अनामिक गुरूच्या, एकोणिसाव्या शतकातल्या, आणि करंगळी न वापरणं ही त्या घराण्याची शिस्त. एकदा घराणं म्हटलं की पुढे प्रश्न विचारायची सोय नसते. रावसाहेब शिष्यांची करंगळी चिकटपट्टीनं तळव्याला चिकटवत आणि मगच या रचना शिकवत. शिष्यांनी आपल्या शिष्यांना तशाच शिकवल्या. एवढ्या भक्तिभावानं कुणी एका बोटाचा त्याग केल्याचं दुसरं उदाहरण या शहरात सापडायचं नाही.

दीक्षा सोनवणेच्या करंगळीलाही ती पट्टी लागली होती. आता ती बत्तीस वर्षांची होती. आठवडाभर हिंजवडीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायची आणि उरलेल्या वेळात कुणी न वाजवलेल्या रचना हुडकायची. परदेशातल्या ग्रंथालयांनी स्कॅन करून ठेवलेली जुनी हस्तलिखितं, बंद पडलेल्या मासिकांच्या शेवटच्या पानांवरचे तुकडे, कुठल्या तरी मठातल्या वहीतलं निनावी नृत्य. नामवंतांचं काय, सगळेच वाजवतात. ज्याला वाली नाही ते आपण वाजवायचं, हा तिचा हट्ट होता आणि त्याचा तिला अभिमानही होता. तिनं स्वतःचा कार्यक्रम ठरवला तोही असाच, ‘अनामिकांची मैफल’. पूर्वार्धात तिनं शोधलेल्या रचना, उत्तरार्धात ही आठ.

कार्यक्रमाच्या पत्रिकेसाठी तिला आठांबद्दल एकच ओळ हवी होती, मूळ कुठलं. त्या एका ओळीपायी सहा महिने गेले. स्पेनमधल्या कुठल्याही संग्रहात या रचना नव्हत्या. पोर्तुगाल नाही, मेक्सिको नाही. शोधण्यात आपण कच्च्या नाही हे दीक्षाला पक्कं माहीत होतं, त्यामुळे ती खचली नाही, चिडली. मग तिनं उलट्या बाजूनं सुरुवात केली. कुणाची झेरॉक्स कुणाच्या झेरॉक्सवरून निघाली, हे विचारत ती एकेकाच्या घरी गेली. शेवटी तेजस्विनी मोडक नावाच्या, गिटार सोडून बरीच वर्षं झालेल्या बाईंकडे तिला सगळ्यांत जुनी प्रत मिळाली. बाईंनी ती चौऱ्याऐंशी साली कुठल्याशा क्लासला जाणाऱ्या एका मैत्रिणीकडून घेतली होती.

त्या प्रतीत सुरांच्या मागे पुसट नक्षी दिसत होती. “स्पॅनिश वॉटरमार्क आहे तो,” तेजस्विनीबाई म्हणाल्या. “रावसाहेबांनी सांगितलंय.”

दीक्षानं मोबाईलवर फोटो काढला आणि आरशात दिसतो तसा उलटा केला. नक्षीची अक्षरं झाली. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, आणि अगदी तळाला ‘हेमकिरण मुद्रणालय, शुक्रवार पेठ’. कुणीतरी लग्नपत्रिकेच्या वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर हे लिहिलं होतं, आणि झेरॉक्स यंत्रानं पाठीमागची छपाईसुद्धा उचलली होती. दीक्षा आधी खो खो हसली आणि मग तिच्या अंगावर काटा आला.

हेमकिरण मुद्रणालयाच्या जागी आता फ्लेक्सचं दुकान होतं. तिथल्या मालकांनी फारसा विचारही केला नाही. “गिटारवाला? ओव्हाळ. सीताराम ओव्हाळ. आमच्या वडलांच्या वेळी मशीनवर होते. कात्रजला असतात, डेअरीच्या मागं.”

दार एका ठेंगण्या बाईंनी उघडलं, त्या मथुराबाई. आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली गिटार, आणि खुर्चीत पंचाहत्तरीचे, इस्त्रीचा सदरा घातलेले सीताराम ओव्हाळ.

“जय भीम, काका,” दीक्षा म्हणाली, आणि झेरॉक्स पुढे केली.

त्यांनी डाव्या हातानं कागद घेतले. त्या हाताला करंगळी नव्हती. मुळापासून गेलेली होती.

दीक्षाला सगळं एका क्षणात कळलं. दक्षिण स्पेनचं घराणं, शिस्त, चिकटपट्टी, सगळं. हसावं की रडावं ते मात्र कळेना.

“ट्रेडल मशीनमध्ये गेली,” काका म्हणाले. “एक्याऐंशी साली. छापायचं पान आत घालायचं नि हात काढायचा. त्या दिवशी मशीन आधी आलं.” हे त्यांनी बस चुकल्यासारखं सांगितलं.

मग हळूहळू बाकीचं आलं. गिटार आणि सुरांचं लेखन ते कॅम्पातल्या एका गोव्याच्या बँडमास्तरांकडून शिकले होते. बोट गेल्यावर पुस्तकातलं काही वाजवता येईना, तेव्हा तीन बोटांना जमेल असं स्वतःच रचायला लागले. छापखाना सुटला की सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये शिकवायला जायचे.

“पहिली रचना नाव घालून दिली. पोरं म्हणाली, सर, हे ठीक आहे, पण काहीतरी खरं द्या ना. मग काय केलं, कागदाची वरची कड मागं दुमडली, नाव झाकलं, नि झेरॉक्स काढली. म्हटलं, जुनी स्पॅनिश आहे. महिनाभर घासली पोरांनी! पुढची सातही तशीच दिली.”

“पण का, काका?”

“आता मराठी नाव बघून नको म्हणाली की आडनाव बघून, ते मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारल्या नाहीत म्हणून रोज तिथं जाता आलं.”

दीक्षाचा चेहरा तापला. कॉलेजात, ऑफिसात, आपलं आडनाव ऐकल्यावर समोरच्याच्या डोळ्यांत होणारा तो बारीक हिशेब तिलाही ठाऊक होता. ती म्हणाली, “काका, या वेळी पत्रिकेत तुमचं नाव छापायचं. मोठ्या अक्षरात.”

“नाही.”

“अहो पण...”

“पुरावा कुठाय? मूळ पानं रद्दीच्या कागदावर होती, घर बदलताना रद्दीतच गेली. चाळीस वर्षं झाली, पोरी. आता नाव लावलं तर लोक म्हणतील, म्हातारा स्पेनची चोरी करतोय. निनावी राहिलो त्याचं काही नाही. चोर म्हणवून घेणार नाही मी.”

मथुराबाईंनी चहा ठेवला. “मी चाळीस वर्षं हेच ऐकते,” त्या म्हणाल्या. “माझी भावकी विचारते, जावई काय करायचे? मी सांगते, लग्नपत्रिका छापायचे.”

काकांनी तिच्याकडून नाव न सांगण्याचा शब्द घेतला. दीक्षानं तो जड मनानं दिला. बदल्यात तिनं एकच मागितलं, आठही रचना त्यांच्याकडून शिकायच्या. त्यानंतर दर रविवारी ती कात्रजला जाऊ लागली. सहाव्या रचनेला काकांनी तिला तिसऱ्याच ओळीला थांबवलं.

“घोड्यावर बसलीस का?”

“सगळे अशीच वाजवतात.”

“वरच्या कडेला मी ‘सावकाश’ लिहिलं होतं. नाव दुमडलं त्यात तेही दुमडलं गेलं.” ते थोडे लाजले. “हिला आठवा महिना होता तेव्हा आम्ही सारसबागेत जायचो. त्या चालीनं वाजव.”

“म्हणजे फारच सावकाश,” मथुराबाई आतून म्हणाल्या. “दर दहा पावलांवर बसायचे मी.”

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या एका वरच्या मजल्यावरच्या सभागृहात झाला. ऐंशी खुर्च्या, ऐंशी भरलेल्या. पुष्कळ जण आपापली झेरॉक्स घेऊन आले होते, वाजवणारी कुठे चुकते ते पाहायला. काका-काकू शेवटून दुसऱ्या रांगेत बसले. पत्रिकेत आठांपुढे दीक्षानं ‘अनामिक’ एवढंच छापलं होतं. ‘स्पेन’ हा शब्द मात्र तिनं काढून टाकला. खोटं न बोलता तिला इतकंच करता आलं.

ती चांगली वाजवत होती आणि ते तिला कळत होतं. सहावी आली. तिनं ती सारसबागेच्या चालीनं वाजवली, मधे थांबत, श्वास घेत. सभागृहात कागदांची चुळबुळ झाली. संपल्यावर टाळ्या पडल्या, पण जरा चाचपडतच.

पहिल्या रांगेतून रावसाहेब उठले. गिटारच्या कुठल्याही कार्यक्रमात त्यांनी मधेच उठून बोलायचं हा रिवाजच होता. “दीक्षा, हात छान आहे. पण ही नृत्याची रचना आहे. एवढी संथ? स्पेनमध्ये असं कुणी वाजवलं तर लोक उठून जेवायला जातील.”

लोक हसले. दीक्षा गिटारीवर हात ठेवून बसली. तिच्याकडे उत्तर होतं, दोन शब्दांचं, नाव आणि आडनाव. पण शब्द दिलेला होता. तिनं खाली पाहिलं आणि एवढंच म्हणाली, “मला ही अशीच योग्य वाटते.”

“वाटण्याला काय आधार आहे?” रावसाहेबांनी विचारलं.

“स्पेनचं मला माहीत नाही,” मागून आवाज आला. “कात्रजला अशीच वाजवतात.”

ऐंशी माना मागे वळल्या. सीताराम ओव्हाळ उभे होते. पुढच्या खुर्चीची पाठ त्यांनी घट्ट धरली होती, पण आवाज हलला नाही. “मुलगी बरोबर वाजवतीय. तिला बोल लावू नका. ही रचना माझी आहे. आठही माझ्या.”

स्वतःच्या नावासाठी हा माणूस चाळीस वर्षं उठला नव्हता. तिच्यासाठी उठला.

“आपण कोण?” रावसाहेब म्हणाले. “आणि याला पुरावा काही?”

हाच तो प्रश्न. दीक्षाला वाटलं, आता ते खाली बसतील. पण काका रांगेतून बाहेर आले, मधल्या वाटेनं चालत मंचावर चढले आणि तिच्यापुढे हात केला. तिनं उठून त्यांना आपली खुर्ची दिली, गिटार दिली.

“आठ तुमच्याकडं आहेत,” ते सभागृहाला म्हणाले. “ही नववी. हिची झेरॉक्स काढली नाही. कुणी मागितलीच नाही.”

आणि त्यांनी वाजवलं. अक्षर ओळखीचं असावं तसे ते सूर सगळ्यांच्या ओळखीचे होते. तीच वळणं, तसाच मंद्रातला धागा, वाक्य संपता संपता घेतलेली तशीच आडवाट; पण ही रचना कुणी कधी ऐकली नव्हती. आठांपेक्षा ती मोठी होती आणि चांगलीही. पहिल्या रांगेतले लोक त्यांच्या डाव्या हाताकडे पाहत होते. ज्यांनी लहानपणी चिकटपट्टी लावून घेतली होती, ती मोठी झालेली माणसं आपापल्या हाताकडे पाहायला लागली. दीक्षा बाजूला उभी होती. आजवर जगभरातून एवढं शोधलं, पण इतका अभिमान तिला कशाचाच वाटला नव्हता. आणि तो ती लपवतही नव्हती, गालांवरून ओघळू देत होती.

शेवटचा सूर विरला तरी टाळ्या लगेच आल्या नाहीत. आल्या तेव्हा थांबेनात. मागच्या रांगेत मथुराबाई शेजारणीला काहीतरी सांगत होत्या. छापखान्याबद्दल नसावं.

रावसाहेब मंचापाशी आले. माणूस हेकट होता, पण कान खरे होते. चेहरा तीस वर्षांनी म्हातारा झालेला दिसत होता. त्यांनी आपली जुनी, कोपरे झिजलेली झेरॉक्स पुढे केली.

“स्पेन मी खोडतो,” ते म्हणाले. “तिथं काय लिहायचं, ते आपण लिहा.”

“पेन द्या.”

काकांनी मांडीवर कागद ठेवला. बाकीचे एकेक करून आपापली पानं घेऊन रांगेत उभे राहिले. रांग बराच वेळ हलली नाही, कारण सीताराम भिकाजी ओव्हाळ आठही पानांवर पूर्ण नाव लिहीत होते, आडनावासकट.