पुसलेलं घर

"हे बघा," म्हणत भाड्याची घरे सांभाळणाऱ्या एजन्सीच्या ताहलियाने स्वयंपाकाच्या ओट्यावरून बोट फिरवले आणि त्याचे लाल झालेले टोक ग्लेनिससमोर धरले. "असं घर ताब्यात कसं घेऊ मी? सफाईचा खर्च डिपॉझिटमधून कापावा लागेल."

वाळवंटाच्या कडेला वसलेल्या ब्रोकन हिलच्या इस्पितळातल्या फरश्या पुसण्यात ग्लेनिसची उभी हयात गेली होती. परवा भाड्याचे घर सोडून किल्ली परत देण्याआधी हे घरही तिने गुडघे टेकून पुसून काढले होते.

"काल धुळीचं वादळ झालं, पोरी. अख्खं गाव लाल झालंय."

"शेजारचं घरही आमच्याच एजन्सीकडे आहे, ग्लेनिस. तिथे एवढी धूळ नाही." मुलगी वाईट नव्हती. ॲडलेडहून नुकतीच आली होती आणि हे बोलताना तिची नजर खाली होती.

बहिणीच्या घराजवळ ग्लेनिसने एक खोली ठरवली होती. हेच डिपॉझिट तिथे भरायचे होते; ते कमी पडले तर खोली हातची जाणार होती. पण या घडीला तिला खोलीचे भान नव्हते. आपण घर घाणेरडे ठेवून गेलो असे कुणी म्हणावे, हेच तिच्या जिव्हारी लागले होते.

घरमालक क्लेमही तिथेच होता. खिडकीपाशी जाऊन त्याने चौकटीखाली हात धरला.

"इथून तर सरळ वारा येतोय. ही फट कधीपासूनची?"

"तू घर दिलंस तेव्हापासूनची."

"मग बोलली नाहीस कधी?"

"तेव्हा तुझी बायको अंथरुणाला खिळलेली. त्यात माझी खिडकी कुठं काढू? टॉवेलाची घडी खुपसून ठेवायची मी."

"तो टॉवेल कुठंय?"

"धुऊन सामानात टाकला. माझा होता ना. घर घेतलं तसंच परत करायचं असतं."

क्लेमने फटीवरून बोट फिरवले. "धन्य आहेस बाई," तो हळूच म्हणाला. मग ताहलियाकडे वळला. "एक सेंटही कापायचा नाही. पूर्ण डिपॉझिट आजच तिला परत दे."

"आणि सफाई?"

"ती मी बघतो."

"तू बघतोस? तुला स्वतःचा कप तरी विसळता येतो का?" ग्लेनिस गाडीतून बादली घेऊन आली.

"अगं, पैसे मिळाले ना तुला. राहू दे आता."

"पैसे मिळाले. घर अजून मळलेलंच आहे."

ताहलिया निघून गेली. क्लेम फट बुजवायला लांबीचा डबा आणण्यासाठी परसातल्या शेडकडे गेला. ग्लेनिस आतल्या खोलीपासून पुसत पुसत, एकेक पाऊल मागे सरत, स्वयंपाकघरापर्यंत आली.

क्लेम परतला तेव्हा ओली फरशी चकाकत होती. स्वतःच्याच घराच्या दारात तो थबकला. भिंतीचा आधार घेत त्याने पायातले बूट काढले आणि ते हातात धरून, फरशी वाळण्याची वाट पाहत, तो बाहेरच उभा राहिला.