बांधाखालचं पाणी

माशाच्या पिल्लाच्या कल्ल्यावरचं झाकण मिनिटाला एकशे बेचाळीस वेळा उघडमीट करत होतं. लॉर्ना व्हिएट्टीने मनगटावरच्या घड्याळाकडे बघत दोनदा मोजलं. दोन्ही वेळा आकडा तोच आला, तेव्हा तिने तो वहीत लिहिला. पिल्लू बोटाएवढं होतं, अंगावर काळपट पट्टे, आणि ते बांधाच्या सिमेंटला नाक लावून एका जागी पोहत होतं. त्याच्या शेजारी तशीच आणखी अकरा होती. साल्मनची ही पिल्लं समुद्राकडे जाण्याआधी वर्षभर ओढ्यात राहतात, म्हणजे एक उन्हाळा त्यांना इथेच काढावा लागतो. अठरा अंशांपर्यंत त्यांचं बरं चालतं. त्यापुढे श्वास वाढतो, खाणं सुटतं, आणि मग एखाद्या सकाळी ती उलटी तरंगताना दिसतात.

"हजेरी घेऊन झाली का, मास्तरीणबाई?" पलीकडच्या काठावरून आवाज आला. "कोणी दांडी मारली असेल तर आईबापांना चिठ्ठी पाठव."

गस मॅडॉक गवत कापायच्या यंत्रावर बसला होता. यंत्र बंद करायची तसदी त्याने घेतली नव्हती, त्यामुळे दोघांनाही ओरडून बोलावं लागत होतं.

"पाण्यापर्यंत कापू नकोस, गस. निदान हातभर तरी सोड."

"जमीन कोणाची?"

"तुझी."

"मग झालं."

तो पाण्याच्या अगदी कडेने यंत्र वळवून घेऊन गेला. कापलेलं गवत ओढ्यात पडलं आणि पिल्लांच्या अंगावरून वाहत गेलं.

पोर्टलंड शहराच्या पूर्व कडेला, उद्यानातलं रान संपतं तिथे हॅलर ओढा उन्हात येतो. आधी तो लॉर्नाच्या जमिनीतून जातो. तिथे तिच्या बापाने, गवंडीकाम करणाऱ्या आल्दो व्हिएट्टीने, कंबरभर उंचीचा बांध घालून पन्नास वर्षांपूर्वी तळं केलं होतं. बांधाखाली ओढा दोघांच्या हद्दीवरून वाहतो. उत्तरेचा काठ लॉर्नाचा, दक्षिणेचा गसचा. लॉर्नाच्या काठावर साठ झाडं होती, सगळी तिने स्वतः लावलेली. गसच्या काठावर दोनशे पावलं नुसती हिरवळ, आणि तिच्यामागे त्याच्या डेलियांचे वाफे. या डेलियांनी जिल्ह्याच्या जत्रेत सहा वेळा पहिल्या क्रमांकाची निळी फीत मिळवली होती.

अडचण सूर्याची होती. त्या अक्षांशावर दुपारचं ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून पाण्यावर सावली पडायची तर झाडं दक्षिण काठावरच हवीत. लॉर्नाच्या साठ झाडांची सावली तिच्या स्वयंपाकघरावर पडत असे. गसला हे पुरेपूर माहीत होतं आणि भेटेल त्याला तो हे सांगत असे.

"साठ झाडं लावली बाईने," तो पोस्टमनला म्हणाला होता, "आणि गार काय झालं, तर तिचं लोणी."

शहराची योजना होती. काठावरच्या लोकांनी सही दिली तर ओढा समितीची माणसं हिवाळ्यात येऊन अल्डर आणि वाळुंज ही पाणकाठची झाडं लावणार, पाच वर्षं निगा राखणार, एक पैसा घेणार नाहीत. खालच्या चार घरांपैकी तीन म्हणत होती, आधी गसची सही आणा, त्याचा काठ सगळ्यात लांब. यंदा मुदत सप्टेंबरच्या पाच तारखेपर्यंत होती. त्यानंतर झाडं दुसऱ्या ओढ्याला जाणार होती.

तीन वर्षं लॉर्ना गसच्या मागे लागली होती. पहिल्या वर्षी नकाशे घेऊन गेली. दुसऱ्या वर्षी ब्लॅकबेरीचं सारण भरून भाजलेला 'पाय' घेऊन गेली. तो त्याने खाल्ला आणि बशी धुऊन परत पाठवली, सही नाही. तिसऱ्या वर्षी, या फेब्रुवारीत, तिने जे केलं ते एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला शोभणारं नव्हतं. वाळुंजाची हातभर काडी ओल्या मातीत नुसती खोचली तरी मुळं धरते. गस बहिणीकडे गेला होता त्या रविवारी लॉर्ना गुडघाभर बूट घालून ओढा ओलांडून गेली आणि त्याच्या काठावर चाळीस काड्या खोचून आली. मे महिन्यात त्यांना पानं फुटली. दोन दिवसांनी तिच्या दारात तारेने बांधलेली मोळी पडली होती. चाळीसच्या चाळीस काड्या, मुळांसकट. वर चिठ्ठी: 'तुझी वस्तू परत. पुढच्या वेळी पोलिसांच्या हाती पाठवीन.'

तेव्हापासून त्याने पाण्याच्या कडेपर्यंत गवत कापायला सुरुवात केली होती.

त्या संध्याकाळी लॉर्नाने जेवणाच्या टेबलावर तिन्ही तापमापकांच्या नोंदी पसरल्या. ओढ्यात तिने तीन यंत्रं बांधली होती. ती दर अर्ध्या तासाला आकडा टिपत. एक नंबरचं रान संपतं तिथे, तळ्याच्या वर. दोन नंबरचं बांधाखाली. तीन नंबरचं गसचा काठ संपतो तिथे. ऑगस्टमधल्या सगळ्यात वाईट दुपारी एक नंबरने सतरा पूर्णांक नऊ दाखवलं होतं, तीन नंबरने बावीस पूर्णांक नऊ. पाच अंशांचा फरक. सभेसाठी तिने काढलेल्या तक्त्यावर या दोन आकड्यांना जोडणारी लाल रेघ होती, आणि रेघेच्या खाली गसच्या उघड्या काठाचा फोटो.

दोन नंबरच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शेरा होता: 'यंत्र पाण्याबाहेर, नोंद ग्राह्य नाही.'

पहिल्या उन्हाळ्यात हे खरं होतं. पाणी उतरलं, यंत्र दोन दिवस उघडं पडलं, आणि त्या दोन दिवसांच्या नोंदी तिने नियमाप्रमाणे बाद केल्या. मग तिने ते यंत्र खाली सरकवून घट्ट बांधलं आणि शेरा मात्र तसाच पुढे चालू ठेवला. एखाद्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर तिने त्याला प्रयोग पहिल्यापासून करायला लावला असता. दोन नंबरचा आकडा होता बावीस पूर्णांक चार. म्हणजे तापायचं तेवढं पाणी बापाच्या तळ्यातच तापत होतं. उथळ, स्थिर, दिवसभर उन्हात पसरलेलं. आणि पिल्लं बांधाला नाक लावून उभी असायची, कारण वर गार पाणी असल्याचा वास त्यांना येत असणार, आणि कंबरभर भिंत चढणं त्यांच्या अंगात नव्हतं.

बांध काढायच्या परवानगीचा अर्ज ड्रॉवरमध्ये होता. तिने तो तीन वर्षांपूर्वीच भरला होता. फक्त सही राहिली होती.

फोन वाजला. धाकटा भाऊ, वेंडेल.

"उद्या येतोय तुझ्या सभेला. त्या गसचं तोंड बघायचंय मला. आणि ऐक, रविवारी पोरांना घेऊन तळ्यावर येतो. बाबांचं बाक रंगवायचंय."

"वेंडेल, तळ्याचं मला जरा—"

"पुन्हा नको हां, लॉर्ना. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचं एवढंच उरलंय. दरवेळी तू तळ्याचं काढतेस आणि दरवेळी मला रात्रभर झोप येत नाही."

"बरं," ती म्हणाली. दरवेळी ती 'बरं'च म्हणत असे.

सभा अग्निशमन केंद्राच्या मागच्या खोलीत होती. चाळीसेक माणसं, पातळ कॉफी, घडीच्या खुर्च्या. समितीची थुई लाम कधीकाळी लॉर्नाच्या वर्गात होती. आता ओढ्याच्या चारही मैलांची जबाबदारी तिच्यावर होती. तिने प्रास्ताविक केलं आणि लॉर्नाने तक्ता लावला. लाल रेघ वर चढत गेली. लोकांच्या माना आपोआप गसकडे वळल्या.

"पाच अंश," लॉर्ना म्हणाली. "ओढा सावलीतून उन्हात येतो आणि तीनशे पावलांत पाच अंश तापतो. दक्षिण काठावर झाडं लागली नाहीत तर काही वर्षांनी मोजायला पिल्लंच उरणार नाहीत."

"लाज वाटली पाहिजे," मागून कोणीतरी म्हणालं.

"डेलिया फार मोलाच्या असतात बाबा," वेंडेल मोठ्याने म्हणाला. "मासे काय, परत येतील."

थोडे लोक हसले. गस उठला. त्याने शर्टाच्या खिशातून पितळी नळीतला तापमापक काढला. मासेमारीला जाणारे लोक ठेवतात तसला, दोरी बांधलेला. दुसऱ्या खिशातून छोटी वही काढली.

"माझं यंत्र जुनं आहे. अंश अमेरिकन आहेत, फॅरनहाइट, मास्तरीणबाईंच्या शाळेतले नाहीत," तो म्हणाला. "तेव्हा सांभाळून घ्या. ऑगस्टात सलग दहा दिवस, दुपारी चार वाजता. रान संपतं तिथे चौसष्ट. तळ्यात पाणी शिरतं तिथे पासष्ट. तळ्यातून बाहेर पडतं तिथे बहात्तर." त्याने वहीतून मान वर केली. "आणि माझा काठ संपतो तिथे त्र्याहत्तर."

खोलीत कुजबूज सुरू झाली.

"नऊ अंश चढतात. त्यातला एक माझा. सात हिच्या घरचे. तीन वर्षं ही बाई माझ्या डोळ्यातलं कुसळ काढतेय, माझ्या जमिनीत चोरून काड्या खोचतेय, शेजाऱ्यांना माझ्यावर सोडतेय. आता मला एवढंच सांग, लॉर्ना. बांधाखाली तुझं एक यंत्र आहे. हिरवी दोरी. रोज बघतो मी. ते तक्त्यावर का नाही?"

"तळ्यापर्यंत गेलासच कसा तू?" वेंडेल उभा राहिला. "ती आमची जमीन आहे."

"जशी ती माझ्या जमिनीत आली तसा."

"आमच्या बाबांनी—"

"तुझ्या बाबांनी मला त्या तळ्यात पोहायला शिकवलं, वेंडेल. तू तेव्हा लंगोटात होतास. त्या बांधाचे दगड मी वाहिलेत, अकरा वर्षांचा असताना. मला नको शिकवू."

थुई लॉर्नाकडे बघत होती. "मिस व्हिएट्टी, दोन नंबरच्या नोंदी तुम्ही बाद म्हणून पाठवल्या होत्या. मी अहवालात तसंच लिहिलं." तिचा आवाज चढला नव्हता, आणि लॉर्नाला तेच जास्त लागलं. "तिन्ही वर्षं यंत्र पाण्याबाहेर होतं?"

"दोन दिवस," लॉर्ना म्हणाली.

"आणि बाकीचे?"

पुढच्या रांगेतल्या बाईने हाताची घडी घातली. "म्हणजे आम्हाला बनवलंच की," ती नवऱ्याला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

गस दोन पावलं पुढे आला. जिंकलेल्या माणसाचा चेहरा होता, पण आवाज त्याने खाली आणला.

"हे बघ. तळं फोड असं मी म्हणत नाही. माझं अर्धं लहानपण आहे त्या तळ्यात. तुझं तळं तुला, माझा काठ मला. तक्ता गुंडाळ, खाली बस, आणि माझ्या दारात पुन्हा येऊ नकोस. मीही हा विषय पुन्हा काढणार नाही. झालं."

"पटलं," वेंडेल लगेच म्हणाला. "बस खाली, लॉर्ना. घरी जाऊ."

तडजोड वाईट नव्हती. बाक रंगवलं जाईल. पोरं रविवारी येतील. झाडं दुसऱ्या ओढ्याला जातील. तिला बांधाखालची बारा पिल्लं आठवली. बारा नव्हे. आज सकाळी आठच होती.

"तुझा एक अंश खोटा आहे, गस," ती म्हणाली.

"आता माझंच यंत्र खोटं?"

"यंत्र बरोबर आहे. पण तुझ्या काठाशी पाणी येतं तेच कढलेलं. तापलेलं पाणी आणखी फारसं तापत नाही. गार पाणी भराभर तापतं. बहात्तरऐवजी पासष्टचं पाणी तुझ्या हिरवळीवरून गेलं की तुझा खरा आकडा दिसेल. तो एक नसेल. आणि तेव्हा लपायला तुला माझं तळं मिळणार नाही."

गसच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. ती काय बोलणार आहे हे वेंडेलच्या आधी त्याला कळलं.

"लॉर्ना," तो म्हणाला, "मी तसं म्हणालो नव्हतो हं."

"ताई, नको," वेंडेल म्हणाला. ताई तो तिला बाप गेल्यापासून म्हणाला नव्हता.

लॉर्नाने टेबलावरची पेन्सिल उचलली आणि तक्त्यावरच्या लाल रेघेच्या मधोमध, बांधाच्या जागी, दोन नंबरचा ठिपका काढला. शेजारी बावीस पूर्णांक चार असं नीट, सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलं. मग ती थुईकडे वळली.

"अर्ज भरलेला आहे, उद्या सकाळी सही करून तुझ्याकडे आणते," ती म्हणाली. "बाबांचा बांध काढायचा. तळं जाणार."