उलटी गाठ

हेडमास्तर, तुम्हाला माहीत होतं. दोर तुमच्या हातात होता, गाठ तुमच्या डोळ्यांसमोर होती, आणि तरी तुम्ही थोराचं नाव लिहिलंत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी माझ्याबद्दल जे सांगणार आहे ते वाचून तुम्ही म्हणाल, ही पोरगीच नालायक, हिचं काय ऐकायचं. नालायक आहेच मी. पण माझ्या नालायकीखाली तुम्हाला लपता येणार नाही.

मी मेरन फ्लेट. बाप हेरिंग मासे धरतो. आमच्या घरातून जादूच्या शाळेत गेलेली मी पहिलीच. गेल्या सप्टेंबरात आमच्या बेटावरून दोघी आलो, मी आणि थोरा लिंकलेटर. पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलंत की दुसऱ्या वर्षाला एका बेटाचं एकच पोर राहील. दुसऱ्यानं मे महिन्यात ट्रंक भरायची.

थोराची आजी तुमच्याच शाळेत शिकलेली, तिची तसबीर तुमच्या जेवणघरात आहे. मी वर्षभर रोज खारवलेला मासा आणि जवाची रोटी त्या म्हातारीच्या नजरेखाली गिळली. थोराला सर्दी झाली तेव्हा तिच्या एका शिंकेनं टेबलावरच्या तिन्ही मेणबत्त्या विझल्या. आम्हाला वारा शिकवणाऱ्या रेंडलबाई म्हणाल्या, “बघा, वारा हिच्या अंगातच आहे!” मला सर्दी झाली तेव्हा म्हणाल्या, “फ्लेट, रुमाल.”

मला तिच्या बुटांचा हेवा वाटायचा. तिच्या केसांचा वाटायचा, ते कड्यावरच्या वाऱ्यातसुद्धा गुंतत नसत. ती स्वतःच्या वाटणीचं चीज अर्धं मोडून माझ्या ताटात टाकायची, “घे गं, मला जात नाही,” म्हणायची, आणि ते चीज खाताना मला तिचा सगळ्यांत जास्त राग यायचा. खायचे मात्र. चीज चांगलं होतं.

ऑक्टोबरात आम्हाला वारा बांधायला कड्यावर नेलं. दोर वाऱ्यात धरायचा, भरला की एक गाठ मारायची. गाठ सूर्य फिरतो त्या दिशेनं वळवायची, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. माझा बाप बंदरातून होडी काढतानासुद्धा ती सूर्याच्याच दिशेनं वळवतो. पण मी डावखुरी. माझा हात आपोआप उलटा वळला.

“ए डावरे, उलटी चाललीस!” रेंडलबाई ओरडल्या.

“बाई, माझा हात असाच वळतो.”

“हाताचं कोण विचारतंय? उलट्या गाठीत वारा टिकत नाही. पुस्तकात छापलंय.”

“कुठल्या?”

सगळा वर्ग हसला. पुस्तक तुमचं होतं. पान एकेचाळीस, तुमची सही असलेली प्रत. मला ते नंतर पन्नास वेळा लिहून काढायला लावलं.

“सोडून परत बांधू?” मी विचारलं.

“राहू दे. मेमध्ये नुसता दोर हातात येईल, तेव्हा शिकशील.”

दोर दिवाणखान्यात टांगले गेले. उंच खुंट्या, प्रत्येक खुंटीखाली नावाची पाटी, आणि परीक्षेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. नाताळच्या सुमारास थोराचा दोर गुणगुणायला लागला. खरंच. जिन्यावर उभं राहिलं तरी ऐकू यायचं, उकळीला आलेल्या किटलीसारखं. पोरं खाली गोळा व्हायची. रेंडलबाई पाहुण्यांना आणून ऐकवायच्या. माझा दोर मेल्या ईल माशासारखा लोंबत होता. मी स्टुलावर चढून त्याला कान लावला. काही नाही. दुसऱ्या दिवशी परत लावला. काही नाही.

“बोलेल गं तुझाही,” थोरा मागून म्हणाली. “काही वारे लाजरे असतात.”

मला तिला चावावंसं वाटलं.

फेब्रुवारीत एका दुपारी किनाऱ्याला देवमासा लागला. सगळी शाळा धावली, स्वयंपाकीणसुद्धा, हातात पळी तशीच. मी बूट सापडत नाहीत म्हणून मागे राहिले. बूट पायात होते. मी स्टूल ओढलं, थोराचा दोर काढून माझ्या खुंटीला टांगला आणि माझा तिच्या. तिचा दोर हातात थरथरत होता. मला वाटलं, आता तू घरी जा, थोरा लिंकलेटर, आणि आजीला तोंड दाखव. मग मी धावत जाऊन देवमासाही पाहून आले.

आता ऐका, तुमची शाळा कशी बघते ते. दुसऱ्या दिवसापासून थोराच्या पाटीवरचा दोर गप्प झाला आणि माझ्या पाटीवरचा गुणगुणायला लागला. रेंडलबाई थोराला म्हणाल्या, “मोठे वारे हिवाळ्यात झोपतात, बाळा. काळजी करू नकोस.” आणि माझ्या खुंटीखाली नाक मुरडून म्हणाल्या, “फ्लेटची गाठ गळतेय वाटतं.”

तोच दोर. दोन महिने तो थोराच्या नावाखाली गाणं म्हणत होता, माझ्या नावाखाली आला आणि गळायला लागला. गाठीकडे मात्र कुणी मान वर करून बघितलं नाही. थोराच्या पाटीवर उलटी गाठ लटकते आहे, हे तीन महिन्यांत एकालाही दिसलं नाही.

मेमध्ये वारा पडलेला दिवस बघून परीक्षा ठेवली. लहान होडी, एक शीड. आपला वारा सोडायचा, सीलांच्या खडकाला वळसा घालून धक्क्यावर परत यायचं. थोराचा नंबर आधी. तुम्ही स्वतः दोर तिच्या हातात दिलात. तिनं गाठीवर बोटं ठेवली आणि थांबली.

“ही माझी गाठ नाही,” ती म्हणाली.

मी धक्क्यावर सगळ्यांत मागे उभी होते. मी पुढच्या पोराच्या पाठीआड सरकले.

“तुझ्याच खुंटीवरची आहे,” तुम्ही म्हणालात.

“पण उलटी आहे. मी उलटी मारत नाही. आमच्या वर्गात उलटी मारणारी एकच आहे.”

तुम्ही दोर परत घेतलात. वाकून बघितलंत. मी बघत होते तुमच्याकडे, तुमचा अंगठा त्या गाठीवरून दोनदा फिरला. मग तुम्ही दोर तिला परत दिलात आणि म्हणालात, “भरती उतरतेय. सोड.”

तिनं सोडली.

तुमची टोपी उडाली ती अजून सापडली नसेल. शीड असं फुगलं की डोलकाठी करकरली. सील खडकावरून पाण्यात घसरले. होडी वळसा घालून परत आली तेव्हा रेंडलबाईंच्या हातातला चहा अजून गरम होता. तो माझा वारा होता. सात महिने त्या उलट्या गाठीनं त्यातला एक श्वाससुद्धा बाहेर जाऊ दिला नव्हता, म्हणून तो गप्प होता. आणि मी मूर्ख, तुमचं पुस्तक खरं धरून तो रिकामा समजले आणि चोरी करून दुसरीला देऊन टाकला.

मग माझा नंबर आला. मी थोराची गाठ सोडली. तिच्यात जे होतं ते जवळजवळ सगळं नाताळपासून गात गात निघून गेलं होतं. होडी चार हात सरकली आणि थांबली.

“फ्लेट, फुंकर मार!” धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं. गळ टाकून मला ओढून घेतलं.

त्याच दुपारी मी तुमच्या खोलीत आले. सगळं सांगितलं. खुंटी, स्टूल, देवमासा. म्हटलं, चोरीची शिक्षा द्या, पण तो वारा कुणाचा ते लिहा. तुम्ही पेनचं टोपण लावलंत आणि म्हणालात, “हेव्यानं मुली काहीही बोलतात, मेरन. घरी जाऊन विश्रांती घे.” मला शिक्षासुद्धा दिली नाहीत! दिली असती तर मी काय केलं ते मान्य करावं लागलं असतं, आणि मग पान एकेचाळीस फाडावं लागलं असतं.

ट्रंक घेऊन होडीत बसले तेव्हा थोरा धक्क्यावर पळत आली. “मी दोनदा सांगितलं त्यांना, मेरन. तू ऐकलंस ना?”

“ऐकलं.”

“मग माझ्याशी बोल की गं.”

मी तिच्याकडे पाठ करून बसले. जे मला फेब्रुवारीत जमलं नाही ते तिला सगळ्यांसमोर जमलं, त्याचाही मला हेवाच वाटला. अजून वाटतो. जागा तिला मिळाली म्हणून नाही, ती खरं बोलली म्हणून.

सध्या मी बापाबरोबर मासे साफ करते, डाव्या हातानं. सप्टेंबरात तुमच्याकडे नवी पोरं येतील आणि रेंडलबाई त्यांना कड्यावर नेतील. त्यात एखादं डावखुरं असेल. म्हणून विचारते, आणि उत्तर तुमच्या सहीनिशी हवं आहे, त्याच सहीनं जी पुस्तकावर आहे: उलट्या गाठीत वारा टिकतो की नाही?