बेचाळिसावी तळटीप

“हा तत्रैव कोन हाये वो बाई?”

माणिकबाईंनी पुस्तक सिंधूच्या टेबलावर ठेवलं आणि सदतिसाव्या पानाच्या तळाशी बोट टेकलं. वलगावहून त्या भाजी घेऊन अमरावतीच्या बाजारात येत. आज पाटी रिकामी होताच थेट राजापेठेतल्या या डीटीपीच्या दुकानात आल्या होत्या. पुस्तक वऱ्हाडातल्या भाजीच्या मळ्यांवरचं होतं. लिहिलं होतं प्राध्यापक रागिणी मॅडमनी, त्यांना सांगितलं होतं बरंचसं माणिकबाईंनी, आणि टाइप करून पानं लावली होती सिंधूनं.

“नातीनं वाचून दाखोलं मले. माहं नाव एकदाच हाये. खाली सतरा खेपा हा तत्रैव. कोन्या गावचा हाये?”

सिंधूला हसू आलं. “मावशी, तत्रैव म्हंजे वरचंच. एकाच मानसाचं नाव घडीघडी नाही लिहीत. वरच्या टिपेत ज्याचं नाव, खालीबी तोच.”

“मंग वर तं या खुशालराव सायबाचं नाव हाये.”

“नाही हो, वर तुमचंच...” म्हणत सिंधूनं पुस्तक ओढलं आणि तिचं हसू मावळलं. एक्केचाळीस: माणिकबाई, मुलाखत, वलगाव. बेचाळीस: डॉ. खुशालरावांचा ग्रंथ. त्रेचाळीस ते एकोणसाठ, चार पानं भरून, तत्रैव.

हे झालं कसं? तिचं डोकं चालेना. बावीस वर्षं ती लोकांचे प्रबंध टाइप करत होती. एक गाइड म्हणे आडनाव आधी, दुसरा म्हणे नाव आधी. एकाला साल कंसात हवं, दुसऱ्याला कंसच नको. खरं कोणाचं, हे तिला आजवर कळलं नव्हतं. सगळं एकसारखं दिसलं पाहिजे, एवढं मात्र ती पक्कं शिकली होती आणि या पुस्तकात तर तिनं एकेक स्वल्पविराम तपासला होता.

मग आठवलं. फाइल अकोल्याच्या छापखान्यात जायची त्याच दुपारी मॅडमचा फोन आला होता: प्रस्तावना खुशालराव सर देत आहेत, त्यांच्या ग्रंथाची एक टीप एक्केचाळीसनंतर घाला. तिनं घातली. पुढचे आकडे आपोआप सरकले तेव्हा केवढं बरं वाटलं होतं तिला! तत्रैव होते तसेच राहिले, आणि माणिकबाईंचं सतरा ठिकाणचं ज्ञान खुशालरावांच्या नावावर जाऊन बसलं.

तिनं मॅडमना फोन लावला.

“अगं बाई! असं कसं झालं?” मॅडमही गोंधळल्या. “पण सिंधूताई, तीनशे प्रती वाटून झाल्या. पुढच्या आवृत्तीत बघू.”

पुढची आवृत्ती! असल्या पुस्तकाची पुढची आवृत्ती सिंधूनं बावीस वर्षांत पाहिली नव्हती.

“या सायबानं कदी वांग्याचं बी धरलं का?” माणिकबाई म्हणाल्या. “मी काही मांगतलं नव्हतं. मॅडमच म्हने, तुमचं नाव राहीन.”

“चूक माझी हाये, मावशी.” सिंधूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरं काही सुचेना, तेव्हा तिनं पेन उचललं. निदान या एका प्रतीत तरी तत्रैव खोडून नाव घालावं. कुठली टीप कशावर आहे, ते ती वाचून दाखवू लागली. बी राखेत चोळून ठेवायचं.

“माहं.”

पहिलं फळ बियाण्यासाठी झाडावरच सोडायचं.

“माहं!” माणिकबाईंचा आवाज चढत चालला.

एक्कावन्न. पानांवर मावा कीड पडली तर सकाळी दव असतानाच राख उधळायची.

“थांब.” माणिकबाईंनी पेनावर हात ठेवला. “हे माहं नाही. माह्या सासूचं हाये. मॅडमनं इचारलंच नाही, मीबी बोलली नाही. गोदाबाई लिही.”

“साल?” सिंधूनं सवयीनं विचारलं.

“मी लगन होऊन आली, त्या साली.”

आता हे कोणत्या नियमात बसवायचं? आडनाव नाही, पान नाही, साल हे असं. सिंधूनं नियम सोडून लिहिलं: गोदाबाई, वलगाव. सून नवी असताना मळ्यात तिला सांगितलेलं.

“वाच,” माणिकबाई म्हणाल्या.

सिंधूनं वाचायला सुरुवात केली. सासूचं नाव येताच माणिकबाईंनी खांद्यावरचा पदर डोक्यावर घेतला.