मिलच्या वरची खोली

"इथे कोणी बसलंय का?"

शशिकलाने शेजारच्या खुर्चीवर ठेवलेली पर्स हाताने दाबून धरली. "हो. येताहेत," ती तमिळमध्ये म्हणाली. विचारणारा तरुण नाराजीने मागच्या भिंतीकडे गेला आणि तिथे टेकून उभा राहिला.

चेन्नईच्या अळवारपेटेतलं ते छोटं सभागृह रविवारच्या दुपारी गच्च भरलं होतं. मंचावर पियानो होता, ड्रम होते आणि माणसाएवढा उंच डबल बास भिंतीला टेकवून ठेवला होता. लिस्बनहून आलेली सॅक्सोफोनवादक पाठमोरी उभी राहून नळीतून नुसती हवा फुंकत होती. या बाईच्या कार्यक्रमाची शशिकला दोन महिन्यांपासून वाट पाहत होती. आणि आज टी. राव येणार होते. सहा वर्षांच्या ओळखीनंतर पहिल्यांदा.

सकाळी त्यांचा संदेश आला होता, त्यांच्या त्या तंजावरी मराठीत: "पांढरा शर्ट घालतों. हातांत छत्री असेल. तुम्ही ओळखाल कीं."

दिवे मंद झाले तरी खुर्ची रिकामीच होती. पहिली चीज सुरू झाली. बासवाला डोळे मिटून पुढे झुकला, सॅक्सोफोनचा सूर खालून, दबक्या पावलांनी आल्यासारखा आला. एरवी अशा क्षणी शशिकलाला आजूबाजूचं काही दिसत नसे. आज मात्र ती प्रत्येक वेळी दार करकरलं की मान वळवत होती.

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मांडीवरचा फोन थरथरला. टी. राव यांनी पाठवलेला आवाजी संदेश होता. तिने फोन कानाला घट्ट लावला.

"शशीअम्मा... मी... चप्... चप्पल... येत..." मग नुसता श्वास. मग काहीतरी जड पडल्याचा आवाज.

तिने तो पुन्हा ऐकला. टी. राव शब्द तोलून बोलणारे. रेकॉर्डवरच्या ट्रंपेटवाल्याबद्दल बोलताना वाक्य मध्येच थांबवत, पण ते मुद्दाम, पुढचा शब्द नेमका ठिकाणावर पडावा म्हणून. हे तसं नव्हतं. जीभच उचलत नव्हती. ती लोकांचे गुडघे चुकवत, माफी मागत रांगेतून बाहेर पडली.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. तिने फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा नुसती घंटा.

शशिकला मूळची सोलापूरची. लग्न होऊन चेन्नईच्या कडेच्या आवडीला आली त्याला सव्वीस वर्षं झाली होती. नवरा पुरुषोत्तम संरक्षण कारखान्यात, अवजड प्रेसच्या खात्यात. ती अण्णा नगरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात बिलांच्या खिडकीवर बसे. मुलगा शार्दूल शिकायला बंगळुरूला गेला आणि त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात, याच सभागृहावरून जाताना, आतून कुणीतरी सराव करत असलेला सॅक्सोफोन तिने ऐकला. हातात भाजीची पिशवी होती. प्रवेश फुकट होता. ती आत जाऊन बसली आणि कार्यक्रम संपेपर्यंत उठली नाही. काय ऐकलं ते तिला कुणाला सांगता आलं नसतं. एवढंच कळलं की ही माणसं ठरवून काही वाजवत नाहीत, एकमेकांचं ऐकून वाजवतात.

घरी हे सांगायची सोय नव्हती. पुरुषोत्तम दिवसभर प्रेसच्या दणक्यात उभा असे. उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे, आणि डाव्यात कायम शिट्टी वाजत असे. घरात त्याला टीव्हीसुद्धा सहन होत नसे. म्हणून तिने इयरफोन घेतले. फोनवर मद्रासच्या जॅझ ऐकणाऱ्यांचा एक गट सापडला. तिथे तिने नाव दिलं नुसतं 'एसपीके'. सगळ्यांनी तिला पुरुष धरलं आणि तिने कुणाची समजूत दुरुस्त केली नाही. लिहायची, पण बोलायची कधीच नाही. कार्यक्रमाला जायचं असलं की घरी सांगायची, मराठी मंडळात वाचन आहे.

गटात टी. राव दर रविवारी सकाळी सगळ्यांचा एकत्र कॉल सुरू करून आपल्या ग्रामोफोनवर एक रेकॉर्ड लावत. सगळे एकाच वेळी ऐकत आणि लिहीत. एकदा रेकॉर्ड अडकली तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगो बाई, हें काय झालें!" शशिकलाने त्यांना वेगळा संदेश पाठवला: तुम्ही मराठी? तेव्हापासून रेकॉर्ड संपली की दोघांचं बोलणं होई. ती बाई आहे हे गटात फक्त त्यांनाच ठाऊक होतं. त्यांची बायको गेलेली, मूलबाळ नाही, एवढंच तिला माहीत. पत्ता दोघांनीही कधी विचारला नाही.

तिने गटात लिहिलं: "टी. राव कुठे राहतात, कुणाला माहीत आहे? ते संकटात आहेत."

उत्तरं आली. कुणी लिहिलं, म्हातारबुवांनी रविवारची जरा जास्त घेतली असेल. कुणी हसरा चेहरा टाकला. कुणी विचारलं, कार्यक्रम कसा चाललाय, एसपीके, थोडं रेकॉर्ड करून पाठव ना.

तिने रुग्णवाहिकेचा एकशे आठ फिरवला. पलीकडच्या मुलीने शांतपणे विचारलं, "पत्ता सांगा अम्मा."

"आवडी."

"आवडी मोठं आहे. रस्ता कोणता? जवळची खूण?"

रस्ता शशिकलाला माहीत नव्हता. पण आवडी, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी कारखान्यात जादा पाळी होती. टी. राव बोलत होते आणि त्यांच्या आवाजामागे कारखान्याचा भोंगा झाला. तोच भोंगा त्याच क्षणी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आला. एका कानात फोन, दुसऱ्या कानात खिडकी. तिचे कणकेतले हात तसेच राहिले होते. तिने हे कुणालाच सांगितलं नाही, त्यांनाही नाही. पुढे कितीतरी दिवस बाजारात एखादा म्हातारा दिसला की ती खाली मान घालून पुढे जायची.

आणखी एक गोष्ट आठवली. रविवारी ते मध्येच म्हणत, "थांबा, खाली मिल सुरू झाली. सुई नाचते." पिठाची गिरणी. तिच्या वरची खोली. आवडीत गिरण्या किती? तिला माहीत नव्हतं. घरचे गहू दळून आणायचं काम पुरुषोत्तमचं होतं.

ती पायऱ्यांवर उभी राहिली. आतून ड्रमचा आवाज येत होता. तिने आधी गटात माइकचं बटण दाबलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिथे बोलली. इंग्रजीत, अडखळत, पण स्पष्ट. "मी एसपीके. माझं नाव शशिकला. राव सरांनी दारू घेतलेली नाही. त्यांना अर्धांगाचा झटका आला आहे. ते आवडीत एका पिठाच्या गिरणीच्या वर राहतात. त्यांनी गटात टाकलेले खोलीचे, खिडकीचे फोटो कुणाकडे असतील तर शोधा. पाटी, दुकान, काहीही. हसू नका."

मग तिने नवऱ्याला फोन लावला.

"हां, बोल. मोठ्यानं बोल. वाचन संपलं?"

"मी वाचनाला गेले नाही."

"काय?"

"वाचनाला गेले नाही मी! जॅझच्या कार्यक्रमाला आले आहे!"

"कशाच्या?"

"जॅझ! गाणं-बजावणं!" ती ओरडत होती. पायऱ्यांवर कॉफी पिणाऱ्या दोन मुली वळून पाहू लागल्या. सुरक्षारक्षकही. त्यांतल्या कुणालाही मराठी कळत नव्हती, तरी शशिकलाला वाटलं सगळ्या रस्त्याला कळतंय. "अहो, एक गृहस्थ आहेत. आपल्या आवडीतच राहतात. सहा वर्षं मी त्यांच्याशी बोलते आहे. फोनवर. दर रविवारी. भेटले कधीच नाही. त्यांना काहीतरी झालंय, खोलीत एकटे पडलेत. तुम्ही जायला हवं!"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकू आलं का?"

"आलं," पुरुषोत्तम म्हणाला. "पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं. या वेळी ओरडली नाही, तरी त्याने मोठ्यानं बोल असं म्हटलं नाही.

"नाव?"

"तुळजाजी राव. पिठाच्या गिरणीच्या वर राहतात. कोणती ते माहीत नाही."

फोन बंद झाला. त्याने ठेवला की कट झाला, काही कळायला मार्ग नव्हता. तिने पुन्हा लावला. त्याने उचलला नाही.

टॅक्सीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, पर्स हातात आहे पण आपली छत्री आत राहिली. गटात संदेशांची रांग लागली होती. ज्याने हसरा चेहरा टाकला होता त्याने तो काढून टाकला होता. गट चालवणाऱ्या नवीनचा फोन आला.

"मॅडम? तुम्ही... एसपीके?"

"हो."

"आम्हाला वाटलं होतं..." तो थांबला. "ते जाऊ दे. सगळे जुने फोटो चाळताहेत. कोइमतूरची रम्या गेल्या वर्षीच्या फोटोंपर्यंत पोचली. तुम्ही फोन मोकळा ठेवा."

टॅक्सी अण्णा नगरच्या चौकात अडकली. रविवारी कपडे आणि मिठाई घ्यायला निघालेली माणसं आरामात रस्ता ओलांडत होती. शशिकला फोनच्या काचेकडे बघत बसली. तो गेला असेल का? पुरुषोत्तम रागावला की बोलत नसे, नुसता गॅलरीत जाऊन बसे. आत्ता तो गॅलरीत बसला असेल तर? तिच्या डोळ्यांसमोर ती प्लॅस्टिकची खुर्ची आली, त्याची पाठ आली. तिला त्याची भीती वाटत नव्हती. पण एका म्हाताऱ्या माणसाचा जीव त्या पाठीवर अवलंबून आहे, हे तिला सहन होईना.

रम्याचा फोटो आला. खिडकीच्या कठड्यावर उभं केलेलं रेकॉर्डचं मुखपृष्ठ, आणि उघड्या तावदानाच्या काचेत खालच्या पाटीची उलटी अर्धी अक्षरं. रम्याने ती सुलटी करून दिली होती: '...वेल मिल'. शेजारी पाण्याच्या टाकीचा एक पाय.

तिने तो फोटो पुरुषोत्तमला पाठवला. दोन करड्या खुणा उमटल्या. करड्याच राहिल्या. ड्रायव्हरने विचारलं, "एसी वाढवू का, अम्मा?" तिला काय विचारलं ते कळलं नाही. अंबत्तूर मागे पडलं. खुणा करड्याच होत्या. ती स्पीकरवर एकशे आठला फोटोतली पाटी सांगत होती तेव्हा हातातला फोन चमकला आणि दोन्ही खुणा निळ्या झाल्या.

त्यानंतर बराच वेळ काही नाही. मग त्याचा फोन.

"सापडले." तो धापा टाकत होता. "मी दुसऱ्या मिलवर गेलो होतो आधी. दार फोडावं लागलं, मिलवाला होता बरोबर. श्वास चालू आहे. गाडी आलीय. सरकारी दवाखान्यात नेतोय." मग जरा थांबून म्हणाला, "तू तिकडेच ये."

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तो बाकावर बसला होता. शर्टाच्या खांद्याला चुना आणि लाकडाचा भुसा लागला होता, तळहाताला रुमाल बांधला होता. ती आली तसा तो जरा सरकला.

"उजवी बाजू गेलीय," तो म्हणाला. "वेळेवर आणलं म्हणाले डॉक्टर. बोलणं येईल न येईल, सांगता येत नाही."

"तुमचा हात?"

"कडी लागली." त्याने हात मागे घेतला. थोड्या वेळाने तो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "गाडीत मी त्यांचं डोकं धरून बसलो होतो. माझ्याकडे टक लावून बघत होते. मी म्हटलं, शशिकलाचा नवरा. तेव्हा डोळे मिटले."

शशिकला पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"मला ऐकू येत नाही म्हणून सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला आवाजाचा त्रास होतो म्हणून."

"तो होतोच." त्याने तळहातावरच्या रुमालाची गाठ ओढून घट्ट केली. "पण विचारायचं होतंस."

नर्स बाहेर आली. आत एकाच माणसाला जाता येईल म्हणाली. पुरुषोत्तम उठला. "तू जा. मी घरी जाऊन तुला जेवण आणि चादर घेऊन येतो." आणि जिन्याकडे गेला. पायऱ्या उतरताना त्याने एकदाही मागे पाहिलं नाही.

आत टी. राव पडले होते. तिच्या कल्पनेपेक्षा लहानखुरे, गव्हाळ, पांढरा शर्ट छातीवर कापलेला. पायात एकच चप्पल होती. ती शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "मी शशी." डाव्या डोळ्याची पापणी हलली. ओठ काहीतरी जुळवू पाहत होते, जमेना.

"असू दे," ती म्हणाली. "नंतर बोलू." ती खाली वाकली आणि त्यांच्या पायातली ती एकटी चप्पल काढून पलंगाखाली ठेवली.

मग ती खिडकीशी गेली. खाली आवारात दिवे लागले होते. वॉर्डांच्या खिडक्यांखाली पुरुषोत्तम आपली स्कूटर घेऊन निघाला होता. आजूबाजूची माणसं जागेवरच गाड्या सुरू करून आवाज करत जात होती. त्याने गाडी सुरू केली नाही. बांधलेला हात हँडलवर ठेवून, सगळ्या आवाराच्या लांबीभर ती ढकलत नेली, आणि फाटकाच्या बाहेर पडून रस्त्याला लागल्यावरच किक मारली.