माझा काटा वाचणारी माणसं

मी एक जुना प्रेशर गेज आहे. नाव ऐकून घाबरू नका, मित्रांनो. तळहाताएवढी गोल तबकडी, तिच्यावर आकडे, एक लाल काटा, वर काच आणि खाली काळी रबरी नळी, एवढाच माझा संसार. टाकीतलं पेट्रोल इंजिनपर्यंत किती जोराने पोचतं आहे, ते मी सांगतो. डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळून माणसाचा रक्तदाब बघतात ना, तसंच. फक्त माझे रुग्ण धूर सोडतात.

माझ्या पोटात पितळेची एक वाकडी, पोकळ नळी आहे. तिच्यात दाब शिरला की ती सरळ व्हायला बघते आणि जाता जाता काट्याला ओढून नेते. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे एका बाईंनी ही नळी बसवली, मला कानाशी धरून हलवलं आणि म्हणाल्या, “कुरकुरत नाही. चांगला निघाला.” ते माझं पहिलं कौतुक. म्हाताऱ्या माणसांना अशा गोष्टी पाठ असतात, तशा मलाही आहेत.

तिथून मी मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये आलो. दोन गाड्या मावतील एवढी जागा, भिंतीवर पाने ओळीने टांगलेले, कोपऱ्यात एक पाय तुटलेलं स्टूल. त्याच्या चौथ्या पायाच्या जागी जुना पिस्टन ठेवलेला होता. मिस्त्री आणि त्यांची लेक, दोघंच तिथे काम करत. लेक लहानपणापासून तिथेच वाढली होती, आणि तिची जीभ तिच्या पान्यापेक्षा जास्त चाले. बापाला कामात सल्ला देण्याची एकही संधी ती सोडत नसे. मिस्त्री म्हणत, “ही माझी लेक नाही, माझी सासू आहे.”

माझं काम एकट्यादुकट्याचं नाही, हे लक्षात ठेवा. मिस्त्री बॉनेट उघडत, पेट्रोलच्या नळीचा सांधा फडकं गुंडाळून हळूच सोडत, कारण आत दाब साठलेला असतो आणि पेट्रोल अंगावर उडू शकतं. मग मला तिथे जोडत. लेक गाडीत बसून किल्ली फिरवे. मागे टाकीत पंप क्षणभर गुणगुणे आणि माझा काटा सरसर वर चढे.

“किती?” लेक आतून ओरडे.

“तीन,” मिस्त्री सांगत. “रेस दे. हं, सोड.”

काटा तीनवर टिकला, तर सगळं ठीक. इंजिन बंद केल्यावर तो हळूहळू खाली आला, तर कुठेतरी गळती. रेस दिल्यावर पडला, तर पेट्रोल कमी पडतंय. चढायलाच तयार नसला, तर पंपाने राम म्हटला. मिस्त्री नुसत्या एका नजरेत हे सगळं ओळखत. “मी चुकेन, हा चुकणार नाही,” असं ते गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगत. मी फुगून जात असे. आता लोखंडाला फुगता येत नाही ही गोष्ट वेगळी.

अशी कितीतरी वर्षं मजेत गेली. मग हळूहळू मिस्त्री माझ्याकडे वेगळ्याच तऱ्हेने बघू लागले. समोरून नाही, मान वळवून, तिरक्या नजरेने. मला वाटलं, माझ्यावर रुसले की काय! मी काही बोलू शकत नाही, त्यामुळे मनातल्या मनात कुढत राहिलो.

त्याच सुमारास फुलवाल्या मावशींची छोटी व्हॅन आमच्याकडे आली. मावशी पहाटे बाजारातून फुलं भरत आणि दुकानादुकानात पोचवत. व्हॅन सपाट रस्त्यावर शहाण्यासारखी चाले, पण पुलाचा चढ लागला की धापा टाकून बंद पडे.

मला जोडलं. लेक गाडीत बसली. काटा तीनवर गेला. मग तिने रेस दिली आणि मी पडलो. अगदी दोनच्याही खाली आलो.

“किती, बाबा?”

“तीन,” मिस्त्री म्हणाले. “हललासुद्धा नाही. प्लग बदलू.”

मला काही कळेना. काच स्वच्छ होती, ऊन होतं, मी त्यांच्या नाकासमोर होतो. प्लग बदलले. मावशी पुलावर पुन्हा अडकल्या. परत आल्या तेव्हा लेक वैतागली होती. ती काही म्हणण्याआधीच मिस्त्री म्हणाले, “या गेजचं वय झालं. काहीही सांगतो.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, मित्रांनो! म्हातारा होतो, कबूल. खोटारडा नव्हतो. ज्या माणसाने आयुष्यभर माझी साक्ष काढली, त्यानेच माझ्यावर आळ घ्यावा? लेकीने मला नळीसकट गुंडाळून मोडक्या सामानाच्या डब्यात टाकलं. माझ्या काचेवर एक गंजलेली साखळी येऊन पडली. फार वाईट वाटलं मला.

नवा गेज आला. चकचकीत, हिरव्या काट्याचा. त्याच्याकडे बघूनही मिस्त्री म्हणाले, “तीन.” आता त्यांनी प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी एक कॉइल बदलली. आणि मावशींची व्हॅन तिसऱ्यांदा आली ती दोरीने ओढून.

“मिस्त्री, माझी फुलं पोचायच्या आधीच माना टाकतात,” मावशी म्हणाल्या. “गिऱ्हाइकं तुटायला लागली. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून पुन्हा आले. पण ही शेवटची वेळ हं.”

मिस्त्री लगेच बॉनेट उघडायला वळले. लेक मात्र विचारात पडली. मग तडक डब्याशी आली, साखळी बाजूला केली आणि तिने मला बाहेर काढलं. “दोन्ही गेज खोटं कसं सांगतील? एकाच नळीवर दोघांना लावते. कोण चुकतो ते कळेल.”

तिने तीन तोंडांचा एक जोड बसवला. एका तोंडाला मी, दुसऱ्याला तो हिरव्या काट्याचा पाहुणा. आणि यावेळी ती गाडीत बसली नाही. “मावशी, तुम्ही बसा. मी सांगेन तेव्हा रेस द्या,” म्हणाली, आणि बापाच्या शेजारी येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत दाब बघताना ती कधी बॉनेटच्या या बाजूला नव्हती. काटा नेहमी बापानेच वाचला होता.

“द्या, मावशी.”

इंजिन ओरडलं. आम्ही दोघेही एकदमच पडलो, लाल काटा आणि हिरवा काटा, बरोबर दोनच्या खाली. लेकीचा चेहरा उजळला. गेज खरा होता! सवयीने तिने विचारलं, “किती, बाबा?”

“तीन,” मिस्त्री म्हणाले. “दोन्ही तीनवर.”

लेकीने त्यांच्याकडे बघितलं. ते मान वळवून, तिरक्या नजरेने माझ्याकडे बघत होते.

“बंद करू का गं?” मावशींनी आतून विचारलं.

“करा, मावशी. जरा थांबा,” लेक म्हणाली. मग अगदी हळू आवाजात, “बाबा, काटा दिसत नाही ना?”

मिस्त्रींनी फडकं घेतलं आणि स्वच्छच असलेले हात पुसत बसले. “मधोमध धुकं असतं. कडेचं दिसतं. चालता येतं, पाना सापडतो. सरळ बघितलं की जे बघायचं तेच जातं.” मग म्हणाले, “तुझा चेहरासुद्धा. आवाजावरून कळतं, हसतेस की चिडलीस.”

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांना दिसलं नाही.

“मला सांगायचं नाही का?”

“सांगितलं असतं तर घरी बसवलं असतंस.”

तिला नाही म्हणता आलं असतं. पण ती खोटं बोलली नाही. “बसवलं असतं,” ती म्हणाली.

“मग?” मिस्त्रींचा आवाज एवढासा झाला होता. “आता?”

मित्रांनो, त्या क्षणी माझा जीव टांगणीला लागला होता. डब्यात पडून राहणं म्हणजे काय, ते मला नुकतंच कळलं होतं. मिस्त्रींना तिथे कोणी टाकू नये, असं मला फार वाटलं. माझ्यावरचा आळसुद्धा मी विसरून गेलो.

लेकीने बापाच्या हातातलं फडकं काढून घेतलं. “आता तुम्ही गाडीत बसा. किल्ली तुमच्याकडे. काटा मी वाचते, मोठ्याने. चूक झाली तर ओरडायचं.”

“तुझ्यावर ओरडून काही उपयोग होतो का?” मिस्त्री म्हणाले. पण गेले.

मावशी उतरल्या, मिस्त्री बसले. किल्ली फिरली.

“तीन,” लेक म्हणाली. “रेस द्या. अडीच. दोन. खाली चाललाय, बाबा. बंद करा. आता टिकलाय, हलत नाही.”

“टिकला म्हणजे गळती नाही,” मिस्त्री आतून म्हणाले. “पेट्रोल कमी पडतंय. थांब, बोलू नकोस.” त्यांनी पुन्हा इंजिन सुरू करून रेस दिली आणि मागच्या सीटकडे कान नेला. “पंप किंचाळतोय. मेला नाही अजून, त्याला ओढायला मिळत नाहीये. टाकीतली जाळी काढ.”

पेट्रोल गाळणारी ही जाळी निघाली ती चिखलाने माखलेली. ती बदलल्यावर लेकीने पुन्हा रेस द्यायला सांगितलं आणि मी तीनवरून तसूभरही हललो नाही. “तीन, बाबा! खरंखुरं तीन!” आधी उगाच बदललेल्या प्लगांवरून आणि कॉइलवरून मावशींनी दोघांनाही भरपूर बोलून घेतलं आणि मग व्हॅन घेऊन पूल चढून गेल्या.

दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद होतं. लेक मिस्त्रींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आल्यावर तिने मावशींना जे सांगितलं, ते मी ऐकलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. गेलेली नजर परत येणार नाही. राहिलेली जपता येईल. आधी आला असतात तर बरीच वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. हे सांगताना लेक रडली. मी इतकी वर्षं आकडे सांगत आलो, पण या हिशेबात मला काहीच करता आलं नाही.

आता मी पुन्हा भिंतीवरच्या माझ्या खिळ्याला आहे. मिस्त्री किल्ली फिरवतात आणि कान देतात, लेक काटा वाचते. कधीकधी मी तीनवर ठाम उभा असतो, गाडीत काही दोष नसतो, तरी ते पुन्हा विचारतात, “किती?” आणि ती न कंटाळता पुन्हा सांगते.

मित्रांनो, माझी काच पुसा, नळीतलं पेट्रोल काढून मला जागेवर ठेवा, एवढंच मी माझ्यासाठी मागतो. दुसरं मागणं मात्र माझ्यासाठी नाही. तुमच्या घरात कोणी बसची पाटी तुम्हाला विचारत असेल, औषधाच्या बाटलीवरचं नाव तुमच्याकडून वाचून घेत असेल, तुमच्याकडे मान वळवून बघत असेल, तर “एवढं दिसत नाही का?” असं म्हणू नका. ते दिसतं असंच सांगतील. आधी वाचून दाखवा. मग हात धरून डॉक्टरांकडे न्या, आणि आजच न्या.